अर्धं सुकेळं

एरॉलने मोबाईलचा टॉर्च लावला आणि डोकं फ्रीझरमध्ये घातलं. आतून त्याचा आवाज पिंपातून यावा तसा घुमला.

"हे बघा. हे इथे. दाभण जाईल एवढं भोक."

सुभद्रा बघायला वाकली नाही. ती ओट्यापाशी उभी राहून कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती, आणि ते काम तिने मुद्दाम सावकाश चालवलं होतं. खाली टेम्पो उभा होता, दोन माणसं जिन्यावरून कपाट उतरवत होती, रविवारचा अख्खा दिवस मोकळा होता. घाई असलीच तर ती घरमालकाला असावी.

"मॅडम, मी तुमच्याशी बोलतोय."

"ऐकतेय की. भोक आहे. मी कधी नाही म्हटलं?"

"मग कोणी पाडलं?"

"मी नाही पाडलं."

"मग कोणी?"

"ते मी सांगणार नाही."

एरॉल बंद फ्रीझरमधून घामाघूम होऊन बाहेर आला. हेच प्रश्न आणि हीच उत्तरं गेला महिनाभर चालू होती. कधी फोनवर, कधी जिन्यात, एकदा तर भाजीबाजारात मुळ्याच्या जुड्या निवडता निवडता. मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने आत एकदा बघितलं, "किसीने चाकू मारा है, गॅस गया," एवढं म्हणून व्हिजिटचे पैसे घेतले आणि वाटेला लागला. घरात राहणारी बाई एक. फ्रिज एक, तोही घरमालकानेच दिलेला. आता यात गूढ ते काय? पण बाई म्हणते मी नाही, आणि कोण तेही सांगणार नाही. एरॉल बँकेत नोकरीला होता; असा न जुळणारा हिशेब त्याला रात्री झोपू देत नसे.

"तुम्ही इथे एकट्याच राहता ना?"

"हो."

"मग भूत आलं होतं का?"

"भुतं फ्रिज उघडत नाहीत," सुभद्रा म्हणाली आणि शेवटची बशी खोक्यात ठेवली.

एरॉलची बायको प्रिस्का दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने कपाळाला हात लावला. या प्रिस्काची बहीण सेलिन सुभद्राच्याच शाळेत शिकवायची, त्यामुळे फ्रिजची गोष्ट शाळेत पोचायला वेळ लागला नव्हता. स्टाफरूममध्ये सुभद्रा डबा उघडून बसली की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय मग, फ्रिजचं काय झालं?" आणि मग एक खाकरणं, एक दबकं हसू. चौथीच्या वर्गात गेली कित्येक वर्षं ही बाई पोरांना खरं बोलायला शिकवते, आणि स्वतः मात्र फ्रिज फोडून हात वर करते! हे कानावर आलं त्या दिवशी सुभद्राने डबा तसाच बंद केला होता. डिपॉझिट बुडालं असतं तर ती दोन दिवस हळहळली असती. हे मात्र तिला लागलं होतं, आतपर्यंत.

मजा अशी, की खोटं बोलणं तिला मुळात जमतच नसे. खोटं बोलायला गेली की तिची मान लाल व्हायची. आईने तिची चोरी नेहमी मानेवरूनच पकडली होती. त्यामुळे लहानपणीच तिने तो नाद सोडला, आणि पुढे त्यालाच लोक सचोटी म्हणू लागले.

"टीचर, ऐका ना," प्रिस्का समजुतीच्या सुरात म्हणाली. "चूक कुणाच्याही हातून होते. माझ्या हातून काय कमी वस्तू फुटल्यात?"

"एक्झॅक्टली," एरॉल म्हणाला. त्याने शर्टाच्या खिशातून चेक काढून दाखवला आणि परत आत सरकवला. "पैशाचं मला काही नाही. पूर्ण डिपॉझिट घेऊन जा. फक्त एकदा म्हणा, एरॉल, माझ्या हातून झालं. बस. विषय संपला."

"नाही म्हणणार."

"का?"

"कारण नाही झालं माझ्या हातून."

एरॉलने मोबाईलचा टॉर्च बंद केला.

जिन्यावर काठी वाजली. एक टक, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक टक. एरॉल धावत दारात गेला.

"पप्पा! तुम्ही कशाला जिना चढलात? आणि एकटे?"

एरॉलचे वडील, प्लासिड, धापा टाकत आत आले. अंगात धुवट पांढरा सदरा होता, डाव्या पायात पुढून कापलेली चप्पल, कारण त्या पायाला अंगठा नव्हता. साखरेच्या आजाराने गेल्या ईस्टरच्या सुमाराला तो खाल्ला होता.

"बाय चालली. तिला निरोप नको द्यायला?" म्हातारा म्हणाला आणि रिकाम्या खोलीत उरलेल्या एकुलत्या एक प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला. फ्रिजकडे त्याने पाहिलं नाही. सुभद्राकडेही नाही. तो खिडकीबाहेर बघत राहिला, जिथे कंपाउंडच्या भिंतीलगत राजेळी केळीचं एक बेट उभं होतं.

इनेझ अपार्टमेंट उभी राहण्याआधी ही सगळी प्लासिडची वाडी होती. वसईच्या या भागात अशा वाड्या एकेक करून बिल्डिंगा झाल्या. जमीन द्यायची, बदल्यात फ्लॅट घ्यायचे, तळमजल्यावर आपण राहायचं आणि वरचे भाड्याने द्यायचे. व्यवहार एरॉलने केला. प्लासिडच्या दोनच अटी होत्या. बिल्डिंगला त्याच्या मेलेल्या बायकोचं, इनेझचं नाव द्यायचं, आणि भिंतीलगतचं केळीचं बेट राखायचं. नाव बिल्डरने पाटीवर सोनेरी अक्षरात घातलं. बेट मात्र पार्किंगच्या मापात आडवं येत होतं. म्हातारा त्याच्यापुढे खाट टाकून झोपला तेव्हा कुठे वाचलं.

सुभद्रा राहायला आली त्या पहिल्या थंडीत प्लासिड राजेळीचा पिकलेला लोंगर, अख्खा घड, घेऊन तिच्या दारात उभा होता. ती आगाशीच्या वाडीवाल्यांची लेक आहे, हे त्याने तिच्या केळं सोलण्यावरून ओळखलं असं तो सांगे. खरं म्हणजे त्याने भाडेकराराच्या वेळी ऐकलं होतं.

"बाय, तुझ्या गॅलरीत ऊन येतं?"

एवढंच विचारलं त्याने. सुभद्राला पुढचं सांगावं लागलं नाही. तिच्या घरीही सुकेळी होत. सोललेली राजेळी उन्हात वाळत घालायची, संध्याकाळी पानात गुंडाळायची, सकाळी पुन्हा उन्हाला द्यायची, असं करत करत ती मधाच्या रंगाची, चिवट आणि गोडमिट्ट होतात. आज वसईत सुकेळी करणारी घरं हुडकावी लागतात. त्या वर्षी गॅलरीतून असा वास सुटला, की प्रिस्का खालून ओरडून विचारत होती, जॅम कोण करतंय म्हणून.

पण अंगठा गेल्यावर सगळंच बदललं. एरॉलने हॉस्पिटलच्या बाकड्यावर रात्री काढल्या होत्या. त्याचं भिणं खोटं नव्हतं. घरी आल्यावर त्याने वडिलांच्या उशीखालून, पँटच्या खिशातून, अगदी प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कव्हरातूनसुद्धा गोड हुडकून काढलं आणि सांगून टाकलं, "पप्पा, आता एकदा जरी सापडलात ना, तर सरळ सिस्टरांच्या आश्रमात. तिथे नर्स असते. मला पुन्हा ते बघायचं नाही." आश्रम चांगला होता, स्वच्छ होता. पण प्लासिड या जमिनीवर जन्मला होता आणि तिच्यावर सिमेंट पडलं तरी तिथेच झोपत आला होता. आश्रमाचं नाव काढलं की त्याची मान खाली जायची, आणि ती बघवत नसे.

तेव्हापासून सुकेळी सुभद्राच्या फ्रीझरमध्ये गेली. तिने कायदा घालून दिला होता. रविवारी घरची मंडळी चर्चला गेली, की प्लासिडने जिना चढून यायचं, आणि मिळणार ते अर्धं. अख्खं कधीच नाही. म्हातारा घासाघीस करायचा, सणावारांची आठवण द्यायचा, इनेझच्या नावाने गळा काढायचा. बाई ढिम्म. "अर्धं. नाहीतर तेही नाही." मग तो ते अर्धं केवढा वेळ चघळत बसायचा, आणि जाताना शाळकरी पोरासारखा चूळ भरून जायचा.

आणि मग तो गुरुवार. सुभद्रा शाळेतून आली तर दार उघडं. घरमालकाकडची दुसरी किल्ली कुलपात तशीच लोंबत होती. आत प्लासिड फ्रीझरसमोर उभा, दोन्ही तळवे आत दाबून धरलेले. पाटाचा बांध फुटला की माळी हाताने दाबून धरतो तसा. फुस्स आवाज येत होता आणि म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. पुडा बर्फात रुतून बसला होता, आणि त्याने केळीच्या वाडीतली आपली जुनी कोयती घेऊन तो उकरला होता.

"थांबत नाय गं," तो म्हणाला. "दाबलं तरी थांबत नाय."

तेवढ्यात जिन्यात प्रिस्काचा आवाज आला. "पप्पा? पप्पा, कुठे आहात?" प्लासिडने कोयती फ्रिजच्या मागे टाकली आणि सुभद्राचा हात धरला. त्याचा हात बर्फासारखा होता.

"बाय, सांगू नको."

"नाही सांगणार," ती म्हणाली होती.

एवढीच काय ती गोष्ट. दिला शब्द. तिला वाटलं होतं फ्रिजच तो, आठवड्यात विसरतील. शाळेपर्यंत जाईल हे कुठे ठाऊक होतं? तरी एक शंका तिला अधूनमधून चावायची. आपलं नाव असं चव्हाट्यावर धुतलं जातंय, आणि हा माणूस खाली बसून पेजेचा वाडगा संपवतोय. एका शब्दाने तो आपल्याला मोकळं करू शकतो. करत नाही. राग यायचा तिला. मग रविवारी काठी वाजायची, आणि ती राग गिळून पानाचा पुडा सोडायची.

"ठीक आहे," आता एरॉल म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, आणि तो वडिलांसमोर खाली आणायचा प्रयत्न करत होता. "तुम्हाला नाही म्हणायचं ना? मग मी नवीन फ्रिजची किंमत कापून घेतो. उरलेलं देतो. मला तसं करायचं नव्हतं."

"कापा."

"काय?"

"कापा म्हटलं. पण मग फ्रिज माझा."

प्रिस्का हसली. "बिघडलेला फ्रिज कशाला तुम्हाला?"

"पैसे माझे गेले, वस्तू माझी झाली. त्यात मी कपडे ठेवीन, नाहीतर तांदूळ ठेवीन." सुभद्राने दाराकडे तोंड करून हाक मारली. "अहो भाऊ! वर या. हा फ्रिजपण जाणार आहे."

मनवेलपाड्यात तिने स्वतःचं घर घेतलं होतं. आयुष्यातलं पहिलं. स्टाफरूममध्ये त्यावरूनही तिला शहाणपण शिकवून झालं होतं, की तळमजला कोण घेतं, डास येतात, पावसाळ्यात पाणी शिरतं, त्याच भावात वरचा मिळत होता. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तळमजलाच घेतला. त्या घरात आता हा मुका फ्रिज जाणार होता. जाऊ दे. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसं झालं होतं तिचं. मग निदान शेळीचं कातडं तरी आपण का सोडा?

टेम्पोवाले वर आले. एकाने प्लग काढला, दोघांनी दोन बाजूंनी धरून फ्रिज भिंतीपासून पुढे ओढला. फरशीवर चर्र आवाज झाला. आणि मागे काहीतरी धातूचं खणकन खाली पडलं.

खुर्चीतल्या प्लासिडने डोळे मिटले.

टेम्पोवाल्याने वाकून ती वस्तू उचलली. जाळीजळमटांनी भरलेली आखूड कोयती, टोकाला वाकलेली, आणि लाकडी मुठीवर सायकलची काळी ट्यूब घट्ट गुंडाळलेली.

"ये किसका है?"

एरॉल त्या कोयतीकडे बघत राहिला. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताच्या तर्जनीवर गेला आणि तिथल्या लहानपणच्या, पांढऱ्या पडलेल्या वणावरून फिरू लागला.

"माझी आहे," सुभद्रा म्हणाली.

ती पुढे झाली आणि कोयती टेम्पोवाल्याच्या हातातून जवळजवळ हिसकावली.

"तुमची?" एरॉलने विचारलं.

"माझी. नारळ सोलायला ठेवली होती." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "आणि फ्रिज मीच फोडला. बर्फ काढत होते, लागली. माझ्या हातून झालं. हेच ऐकायचं होतं ना महिनाभर? ऐका आता. माझ्या हातून झालं."

प्रिस्काचं तोंड उघडं राहिलं. सुभद्रा ताठ उभी होती, कोयती छातीशी धरून, आणि तिची मान कानांपर्यंत लालबुंद झाली होती. स्टाफरूम, सेलिन, चौथीचा वर्ग, सगळं गेलं खड्ड्यात. आता कुणी काही म्हणो, तिने एकदाचं म्हणून टाकलं होतं.

खुर्ची करकरली. प्लासिड काठी न घेताच उठला. दोन पावलं टाकायला त्याला वेळ लागला.

"बाय, ती इकडे दे."

"काका, तुम्ही बसा."

"दे म्हणतो ना."

तिने दिली. म्हाताऱ्याने सदऱ्याच्या टोकाने पातं पुसलं, मुठीवरची ट्यूब चाचपली, आणि मग तो मुलाकडे वळला. सुभद्राने त्याला इतकं सरळ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"ही खोटं बोलते," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा बोलते, म्हणून जमत नाय तिला. मान बघ."

"पप्पा..."

"कोयती कोणाची ते तुला ठावूक हाय. तुझ्या बोटाला ठावूक हाय." त्याने श्वास घेतला. "भोक मी पाडलं. सुकेळ्यासाठी. तिने महिनाभर माझं नाव घेतलं नाय, आणि मी खाली बसून ऐकत रायलो. आता तिचा चेक दे. पुरा दे. आणि तुझ्या मेव्हणीला सांग, शाळेत जाऊन बोल म्हणावं. जसं तेव्हा सांगितलंस तसंच आता हेपण सांग."

प्रिस्काने मान खाली घातली.

"आपण खाली जाऊन बोलू," एरॉल हळूच म्हणाला. "प्लीज पप्पा. इथे नको."

"इथंच बोल. आश्रमाचं बोलायचं असेल तर तेपण इथंच बोल. या खोलीखाली माझी विहीर होती. मी घाबरत नाय."

घाबरत होता तो. कोयतीची मूठ त्याने दोन्ही हातांनी आवळली होती, ते सुभद्राला दिसत होतं. एरॉललाही दिसलं असावं. त्याने खिशातून चेक काढला आणि ओट्यावर, खोक्याच्या शेजारी ठेवला.

सुभद्राने चेकला हात लावला नाही. तिने खांद्यावरची पर्स उघडली आणि आतून वाळल्या पानाचा एक पुडा काढला. फ्रिज मेल्यापासून तिने शेवटची सुकेळी शेजारच्या वर्गाच्या बाईंकडे ठेवायला दिली होती. काल त्यातलं एक मागून आणलं होतं. रविवार होता ना आज. कायदा म्हणजे कायदा. जिन्यात, निघता निघता, कुणाचं लक्ष नसताना द्यायचं असं तिने ठरवलं होतं.

आता तिने ते सगळ्यांसमोर ओट्यावर ठेवलं. पान सोडलं. वास रिकाम्या खोलीत पसरला, आणि प्रिस्काने चमकून वर पाहिलं. जॅमचा तो वास तिला आता कळला.

"कोयती द्या काका."

प्लासिडने कोयती दिली. सुभद्राने सुकेळं बरोबर मधोमध कापलं. एक तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

"अर्धं," ती म्हणाली.

"अर्धं," म्हातारा म्हणाला. त्याने मुलाच्या डोळ्याला डोळा भिडवला, तुकडा तोंडात टाकला आणि चघळू लागला.

एरॉलचा हात पुढे आला होता. तो मधेच थांबला आणि खाली गेला. टेम्पोवाले फ्रिज धरून ताटकळत उभे होते. एकाने दुसऱ्याकडे पाहिलं.

उरलेलं अर्धं सुभद्राने परत पानात गुंडाळलं, दोऱ्याची गाठ मारली आणि पर्समध्ये ठेवून चेन ओढली.

"हे पुढच्या रविवारचं," ती एरॉलला म्हणाली. विचारलं नाही तिने, सांगितलं.

प्लासिड चघळत होता. मग एरॉलने भिंतीला टेकवलेली काठी उचलली, वडिलांच्या हातात दिली आणि त्यांच्या पुढून कापलेल्या चपलेकडे बघत राहिला.

"मनवेलपाड्यात," त्याने विचारलं, "कितवा मजला आहे तुमचा?"

"तळमजला," सुभद्रा म्हणाली.